सक्तीचं आरहूस

डेन्मार्कला जाणं कंपलसरी आहे, असं मी आईला सांगितलं. ते कंपलसरी नव्हतं. मी त्यासाठी रीतसर अर्ज केला होता, मुलाखत दिली होती, आणि आर्किटेक्चरच्या आमच्या अख्ख्या वर्गाला मिळणारी एकुलती एक जागा हौसेने पटकावली होती.

आता कोणी म्हणेल, एवढी चांगली बातमी, ती सक्ती म्हणून कशाला सांगायची? असं विचारणारा माणूस आमच्या घरात वाढलेला नाही. आमच्याकडे हौस कुणी कबूल करत नाही. एसी आला तो बाबांच्या घामोळ्यांना डॉक्टर कंटाळले म्हणून. मोठा टीव्ही आला तो जुन्याचा रिमोट सापडेना म्हणून. माथेरानला गेलो तेसुद्धा आईच्या मावसबहिणीने फारच आग्रह धरला, तिचं मन कसं मोडायचं म्हणून. डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या आमच्या घरात एकही वस्तू हवी होती म्हणून आलेली नाही. जे आलं ते नाइलाजाने आलं. तेव्हा आरहूसनेही याच दाराने यावं, असं मला वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

शिवाय परदेश हा आमच्याकडे दुखरा विषय. मी दुसरीत असताना बाबा मस्कतला गेले. "कंपनी पाठवतेय, माझ्या हातात काही नाही," असं आईला सांगून गेले. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस परत आला तेव्हा मी दहावीत होतो आणि त्यांच्या खांद्याला लागलो होतो. मधल्या काळात आजीचं आजारपण, माझं कांजिण्यांसकट सगळं बालपण आणि सोसायटीची पाण्याची भांडणं आईने एकटीने काढली. वर्षातून एकदा बाबा यायचे, खजूर आणि अत्तराच्या बाटल्या वाटायचे आणि मला कितवी विचारायचे. कायमचे परत आले त्या दिवशी आईने त्यांची भलीमोठी सुटकेस स्वतःच्या हाताने माळ्यावर ढकलली आणि म्हणाली, "आता या घरातून कुणी एकट्याने विमानात बसायचं नाही."

अशा बाईला मी काय सांगणार होतो, की आई, मला जायचंय?

म्हणून जेवताना, आई पोळीला तूप लावत असताना, मी शक्य तितक्या पडेल आवाजात म्हटलं, "कॉलेज पाठवतंय. एक सेमिस्टर. डेन्मार्कला."

"पाठवतंय म्हणजे?"

"म्हणजे कंपलसरी आहे. आरहूस म्हणून गाव आहे, समुद्रावर. ऑगस्टच्या शेवटी जायचं, जानेवारीत परत."

"सगळ्यांना पाठवतायत?"

"नाही, एकालाच. पण निवड झाली की नाही म्हणता येत नाही. वर्ष फुकट जातं."

बाबांनी आमटीच्या वाटीतून मान वर केली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान पुन्हा वाटीत घातली.

"मग काय बोलणार," आई म्हणाली. "जावं लागणार तर जावं लागणार."

यावर मी एक सुस्कारा सोडला. फार उत्तम सुस्कारा होता तो. तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला माझाच अभिनय आवडला, आणि पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा मी तो सुस्कारा सोडत राहिलो.

खरी तयारी मात्र ठाण्यात, कॉलेजच्या बाजूला चालायची. आमच्या वर्गात आंबिवलीची एक मुलगी आहे. निवडीत दुसरा नंबर तिचा. जागा अगदी थोडक्यात हुकलेली, आणि आरहूसबद्दल तिला माझ्यापेक्षा दसपट माहिती. कॉलेज सुटलं की आम्ही नौपाड्यात एका मिसळीच्या दुकानात बसायचो. तिथले कुठले विषय घेतले तर आपल्याकडे ते धरले जातील, हे तिने बसून जुळवलं. खोलीसाठी मेल तिने लिहिला, मी फक्त खाली नाव घातलं.

"ऑगस्टपर्यंत थांबलास तर खोली मिळणार नाही. आणि सायकल शीक," ती म्हणाली.

"बस असते ना."

"असते. पण सगळं गाव सायकलवर जाणार आणि तू म्हाताऱ्यांबरोबर स्टॉपवर उभा राहणार. शीक."

एकदा मी तिला विचारलं, "तुला माझा राग नाही येत?"

"येतो ना. पण तू चुकीचे विषय घेऊन तिथे बोंबलत बसलास तर जास्त येईल. जागा फुकट गेली म्हणून." आणि तिने माझ्या प्लेटमधला पाव उचलला.

तर मी सायकल शिकलो. आमच्या बाजूला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संध्याकाळी. माझ्या बरोबरीला होती ती सगळी तिसरी-चौथीतली मंडळी, आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं असं मी म्हणू शकत नाही. ढोपर फुटून घरी आलो की आई हळद लावायची आणि विचारायची, "कसला विचार करत चालतोस रे?" मी सुस्कारा सोडायचो.

दुसरी तयारी जेवणाची. तिकडे दुपारी गार जेवतात, काळ्या ब्रेडवर काहीबाही ठेवून, असं आंबिवलीच्या मुलीने सांगितलेलं. काळा ब्रेड डोंबिवलीत मला मिळाला नाही. मी तपकिरी आणला आणि दुपारच्या गरम वरणभाताला नको म्हणून तो ब्रेड काकडी ठेवून गारच चावू लागलो.

तिसरी तयारी अंधाराची. डिसेंबरात तिथे दुपारच्या चहाच्या वेळेलाच दिवस मावळतो म्हणे. मला अंधाराची भीती नाही, पण सवय असावी म्हणून मी सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून, टेबलावरचा एक दिवा लावून ड्रॉइंग करत बसायचो. आणि मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, नौपाड्यातल्या एका दुकानातून गुडघ्यापर्यंत येणारं जाडजूड जॅकेट घेतलं. ते घरी दाखवायची सोय नव्हती. सक्तीने चाललेला माणूस तीन महिने आधी जॅकेट घेत नाही. आई देवळात गेलेली असताना मी ते एकदा घालून आरशात पाहिलं, घामाने निथळलो, आणि माळ्यावर बाबांच्या मस्कतच्या सुटकेसमध्ये कोंबून टाकलं.

आता हे सगळं आईच्या बाजूने बघा. मुलगा दुपारचा जेवत नाही. कोरडा ब्रेड चघळतो. भरदिवसा पडदे लावून अंधारात बसतो. रस्त्याने धड चालत नाही, रोज कुठेतरी फुटून येतो. आणि डेन्मार्क म्हटलं की सुस्कारा सोडतो. आई शेजारच्या काकूंना सांगत होती ते मी एकदा ऐकलं: "पोरगा खंगत चाललाय हो. बोलत नाही, पण मला दिसतंय ना." त्यावेळी मला हसू आलं. आज ते हसू आठवलं की घशाखाली घास उतरत नाही, आणि हा काही अभिनय नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर आमच्या विभागाच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी आत गेलो आणि मला त्यांच्या टेबलावर आमचा डबा दिसला. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. आमचाच. आत नारळाच्या वड्या होत्या, त्यातल्या दोन खाल्लेल्या.

"बस," मॅडम म्हणाल्या. "पाणी हवंय?"

तीन वर्षांत त्यांनी कुणाला पाणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

"तुझ्या आई येऊन गेल्या सकाळी. मला खरंच कल्पना नव्हती रे. मुलाखतीत तू इतका उत्साही वाटलास."

"मॅडम, म्हणजे..."

"मुलं करतात असं. घरच्यांसाठी करतात, आमच्यासाठी करतात. दोष तुझा नाही." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "आई रडल्या असत्या तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पालक रडतात. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. बस म्हटलं तरी बसेनात. म्हणाल्या, त्याला यातून सोडवा, वाटलं तर दुसरं दुप्पट काम द्या, तो सगळं करेल. तो नाही म्हणायला घाबरतो, म्हणून मी आले."

मी वड्यांकडे बघत होतो. आई नारळाच्या वड्या करते तेव्हा घरभर वास सुटतो. तिने त्या मी झोपलेला असताना केल्या असणार.

"आईंना मी काही बोलले नाही, पण सक्ती कुठलीच नव्हती, हे तुला माहीत होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"मग झालं तर. तुझं नाव काढलंय. दुसऱ्या नंबरला कळवलंसुद्धा. तू मोकळा आहेस. कुणाशी बोलावंसं वाटलं तर आपल्याकडे समुपदेशक येतात, मंगळवारी."

मोकळा होऊन मी बाहेर आलो. व्हरांड्यात ती उभी होती, आंबिवलीची. हातात फोन, श्वास लागलेला. पलीकडून तिच्या घरच्यांचे आवाज ऐकू येत होते, सगळे एकदम बोलत होते. तिने फोन छातीशी धरला.

"खरंच नको होतं तुला?"

"नको होतं."

"मग इतके महिने माझं डोकं कशाला खाल्लंस?"

"नाही म्हणायला जमत नव्हतं."

तिचा विश्वास बसला नव्हता, पण बसावा असं तिला फार वाटत होतं. ते दिसत होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "काही असेल तर आत्ता बोल. पप्पा आत्ताच पेढे आणायला निघालेत, मी थांबवते त्यांना. उद्या बोललास तर मी ऐकणार नाही."

"नको म्हटलं ना."

तिने फोन पुन्हा कानाला लावला आणि म्हणाली, "हो, आणा."

हा त्याग वगैरे होता असं कुणी समजू नये. मी पुढे त्याला तसं समजायचा प्रयत्न केला, जमला नाही. खरं बोलायचं तर मला आधी मॅडमना सांगावं लागलं असतं की माझ्या आईने तुमच्यापुढे हात जोडले ते माझ्या थापेवर विसंबून. मग हिला, की पेढे थांबव. मग आईला. तीन बायकांसमोर एका दिवसात तीनदा खरं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. 'नको' म्हणणं सोपं होतं. त्याची सवय होती.

संध्याकाळी घरी पोचलो तर वालाचं बिरडं आणि गरम भात. आई ओट्यापाशी उभी, माझ्याकडे पाठ करून.

"काय म्हणतंय कॉलेज?" तिने विचारलं. आवाज इतका ओढूनताणून सहज, की मला कळलं, अभिनय माझ्याकडे तिच्याकडून आलेला नाही.

"रद्द झालं माझं."

"अगं बाई, हो का?" आणि तिला राहवलं नाही. वळली. "मी गेलेले. तुझ्या मॅडमना भेटायला. रागावू नकोस."

"नाही रागावत."

"हे मस्कतला गेले ना, तेव्हा मला कितीदा वाटलेलं, ह्यांच्या साहेबांना जाऊन भेटावं. विचारावं, ह्यांनाच का? गेले नाही. बायकोने ऑफिसात जायचं म्हणजे लोक काय म्हणतील. मग कितीतरी दिवस तेच डोक्यात, गेले असते तर बरं झालं असतं. म्हणून या वेळी म्हटलं, जायचंच." तिने माझ्या ताटात भात वाढला. "आता तरी नीट जेव."

मी नीट जेवलो. दोनदा भात घेतला. आई समोर बसून बघत होती, आणि इतक्या दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला होता. बाबा एकामागून एक दोन ग्लास पाणी प्यायले आणि उठून गॅलरीत गेले.

रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "चल, भाजी आणू." बाबा भाजीला कुणाला बरोबर नेत नाहीत. कोपर स्टेशनच्या बाजूला भाजीवाल्या बसतात तिथे, एकेक वांगं उलटंसुलटं करत त्यांनी विचारलं, "तुला जायचं होतं ना?"

"हो."

"मला वाटलेलंच. कंपलसरी म्हणालास तेव्हाच." त्यांनी वांगं परत ठेवलं. "मलाही जायचं होतं."

"कुठे?"

"मस्कतला. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलेलं, कोण जातंय. बाकीचे खाली बघायला लागले. मी हात वर केला."

"घरासाठी?"

"घरासाठी हे मी नंतर ठरवलं. तेव्हा नुसती हौस होती. विमानात बसलो नव्हतो कधी." मग कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेऊन ते म्हणाले, "आईला मी आजवर सांगितलं नाही. तूही तुझं सांगू नकोस. तिने एवढं धाडस केलं, ते फुकट गेलं असं तिला कशाला वाटू द्यायचं."

म्हणजे घरातून निघताना माझ्याकडे एक थाप होती, परतताना दोन होत्या. आणि वर पिशवीही मीच उचलली.

पुढचे दोन महिने आई सुखात होती. शेजारच्या काकूंना ती सांगायची, "मोठ्या माणसांशी नीट बोललं की ऐकतात हो." मी वरणभात खात होतो, पडदे उघडे ठेवत होतो, चालताना कुठे पडत नव्हतो. आईला वाटायचं, पोरगा सावरला.

ऑगस्टात आंबिवलीच्या मुलीचा फोन आला. "तू घेतलेलं ते जॅकेट दे. मला मोठं होईल, पण आतून दोन स्वेटर घालीन. तू ते घालून कोपरला काय करणार?"

मी म्हटलं, कॉलेजला आणतो. ती म्हणाली, नको, तुझ्या आईंना पेढे पण द्यायचेत. मॅडमनी सांगितलं, त्यांच्यामुळे मला मिळालं.

मी तिला टाळायला हवं होतं. टाळलं नाही. कुठेतरी असंही वाटत होतं की होऊन जाऊ दे एकदाचं, फक्त ते मला करायला लागू नये.

आली ती आईच्या पायाच पडली. आईने तिला बसवलं, पोहे केले, आणि कळवळून विचारलं, "तुझ्यावर ढकललं का गं मग त्यांनी? तुलाही कंपलसरी?"

"कंपलसरी?" ती हसली. "नाही काकू. यासाठी मारामारी असते. हा पहिला आलेला, मी दुसरी. याने तर वर्षभर नुसतं आरहूस आरहूस लावलेलं, मिसळ खाताना पण. सायकल शिकला, आंधळ्यासारखा अंधारात बसायचा, मे महिन्यात जॅकेट घेतलं, तेच न्यायला आलेय मी. मग याला अचानक काय झालं तुम्हीच..."

ती थांबली. हुशार आहे, तिला कळलं. माझ्याकडे बघितलं. मी पोह्यातले दाणे वेगळे काढत होतो.

"ते जॅकेट," आई म्हणाली. "कुठे आहे?"

मी माळ्यावरच्या मस्कतच्या सुटकेसकडे बोट दाखवलं. बाबांनीच स्टूल घेतलं आणि ती खाली काढली. डांबरगोळ्यांच्या वासात माझं जॅकेट होतं, दुकानाची चिठ्ठी अजून बाहीला लटकलेली. आईने ते झटकलं, घडी केली आणि त्या मुलीच्या मांडीवर ठेवलं. मग आत जाऊन मेतकुटाची बाटली घेऊन आली. गच्च भरलेली. हे मेतकूट तिने कधी केलं होतं ते मला माहीत होतं. मी कंपलसरी म्हणालो त्याच आठवड्यात, माझ्यासाठी.

"भात मिळत असेल तिथे. यावर तूप घालून खा," ती म्हणाली. "घरी रोज फोन कर. कंटाळा आला तरी कर."

दार लागलं. आई उघड्या सुटकेसशेजारी बसली.

"मे महिन्यात जॅकेट घेतलंस."

"हो."

"आणि तो ब्रेड?"

"तिकडे तसं खातात."

"अंधारात बसायचास ते?"

"सवय व्हावी म्हणून."

"मी त्या बाईसमोर हात जोडले रे," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "जायचंय म्हणून सांगितलं असतंस तर काय केलं असतं मी?"

"रागावली असतीस."

"रागावले असते. चार दिवस बोलले नसते. मग मेतकूट केलं असतं."

चुकलं, एवढं म्हणालो, तेही सुटकेसकडे बघून. बाबांना माझी दया आली असावी. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जाऊ दे गं आता. पोर आहे. घाबरला असेल."

"तुम्ही तर बोलूच नका," आई म्हणाली. "तुमचे साहेब मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेले, तुम्ही तिकडे होतात तेव्हा. इथेच बसलेले, ह्या खुर्चीत. म्हणाले, वहिनी, मानलं तुमच्या मिस्टरांना, सगळे मागे सरले, ह्यांनी एकट्याने हात वर केला. वर मी त्यांना दुसरा कप चहा दिला."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी बोललात?" तिने सुटकेसचं झाकण लावलं, दोन्ही कड्या खटाखट दाबल्या आणि माझ्याकडे वळली.

"ह्यांनी खोटं बोलून निदान विमान तरी गाठलं," ती म्हणाली. "तू खोटं बोलून कोपरलाच बसलास."